घरचा जुना पीसी ‘मनाच्या संशोधनाला’ द्यायचाय? मग आधी हे वाच

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी एमए सायकॉलॉजी करतेय, भावाचा जुना गेमिंग पीसी घरात धूळ खात पडलाय, आणि तिने कुठेतरी वाचलं की आपला रिकामा कॉम्प्युटर इंटरनेटवरून माणसाच्या मनाच्या संशोधनाला वापरायला देता येतो. तर “ताई, यात नेमकं काय चालतं, खरंच उपयोग होतो का, आणि मी करू का?”

तुला अगं-तुगं करते, चालेल ना. मी या धंद्यात दोन्ही बाजूंनी आहे, म्हणजे कॉलेजात असल्यापासून स्वतःचा पीसी रात्रभर लावून ठेवणाऱ्यांतली, आणि पुढे कॉग्निटिव्ह मॉडेलिंग (मन कसं काम करतं याची कॉम्प्युटरवर नक्कल) करायला लागल्यावर दुसऱ्यांच्या पीसीवर स्वतःचं काम पाठवणाऱ्यांतलीही. त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाक. तुझ्या पीसीवर कुणाचा मेंदू चालणार नसतो. न्यूरॉन्सचं जाळं पसरलंय, स्क्रीनवर विजा चमकतायत, असलं काही नाही. चालतं ते एक अगदी साधं मॉडेल, जे एखादी फुटकळ गोष्ट करत असतं, शब्दांच्या जोड्या लक्षात ठेव, अमुक रंग दिसला की बटण दाब वगैरे, आणि तेच ते हजारो वेळा, दर वेळी थोडे वेगळे आकडे घालून. कंटाळवाणं आहे. पण तेच हजारो वेळा का करावं लागतं हे कळलं की बाकीचं आपोआप कळेल, म्हणून तिथूनच सुरू करते.

या कामासाठी खूप वापरली जाणारी चौकट म्हणजे ॲक्ट-आर. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीतल्या जॉन अँडरसन यांची. ती मूळ लिस्प भाषेत लिहिलेली आहे, फुकट मिळते, आणि तिच्यात मनाचे काही ठरावीक नियम बसवलेले आहेत. उदाहरणार्थ, विचाराचं एक पाऊल म्हणजे ५० मिलिसेकंद. आठवण किती ‘ताजी’ आहे याचंही गणित आहे, आणि ते इतकं सोपं आहे की मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसले होते. समज, तू एकोणतीसचा पाढा पाठ करतेयस आणि ‘एकोणतीस साते दोनशे तीन’ एकदाच म्हणालीस. त्याला १०० सेकंद झाले. शंभरचं वर्गमूळ १०, ते उलटं केलं की ०.१, त्याचा लॉग घेतला की साधारण उणे २.३. ही झाली त्या आठवणीची ताकद. आता १०,००० सेकंद जाऊ दे, म्हणजे पावणेतीन तास. वर्गमूळ १००, उलटं ०.०१, लॉग उणे ४.६. आठवण विझत चालली. पण तेच वाक्य तू पावणेतीन तासांपूर्वी लागोपाठ दहा वेळा घोकलं असतंस तर दहा वेळा ०.०१ मिळून परत ०.१, म्हणजे परत उणे २.३. थोडक्यात, दहादा घोकून पावणेतीन तासांनी जे आठवतं, ते एकदाच म्हणून पावणेदोन मिनिटांनी आठवतं तितकंच. आमच्या आजीला हे लॉगबिग न लावता माहीत होतं, ती सरळ म्हणायची दहा वेळा म्हण आणि मग खेळायला जा.

पण माणूस मशिनसारखा नसतो, तीच गोष्ट एकदा आठवते आणि पाच मिनिटांनी आठवत नाही, म्हणून त्या ताकदीत थोडा नॉईज मिसळतात, अक्षरशः फासे टाकतात, आणि बेरीज एका उंबरठ्याच्या वर गेली तरच आठवलं असं धरतात. म्हणजे बघ, आता किती खुंट्या, म्हणजे आपल्याला फिरवता येणारे आकडे, झाल्या. विसरण्याचा वेग एक (मी वर वर्गमूळ घेतलं ते नेहमीची ०.५ किंमत धरून, ती बदलता येते), नॉईज किती ही दुसरी, उंबरठा कुठे ही तिसरी, आणि आठवायला वेळ किती लागतो ही चौथी. तंबोरा लावण्यासारखंच आहे हे, चारही खुंट्या पिळून माणसांच्या प्रयोगातल्या आकड्यांशी मॉडेलचा सूर जुळवायचा. फरक इतकाच की तंबोऱ्याची एक तार बिघडवली तर बाकीच्या जागेवर राहतात, इथे एक खुंटी हलवली की बाकी तिन्ही बेसूर.

आता हिशोब कर. प्रत्येक खुंटीच्या २० जागा धरल्या तर चार खुंट्यांचे १,६०,००० मेळ. नॉईज आहे म्हणून प्रत्येक मेळ एकदा चालवून काही कळत नाही, निदान १०० वेळा चालवून सरासरी काढायची. झाले १ कोटी ६० लाख रन. एका रनला ५ सेकंद धर, कारण लिस्पचं मॉडेल फार पळत नाही. ८ कोटी सेकंद, म्हणजे प्रोसेसरच्या एका कोअरवर (एका वेळी एक काम करणाऱ्या भागावर) ९२६ दिवस. अडीच वर्षं! तेवढ्यात गाईड रिटायर होईल. पण गंमत अशी की या १ कोटी ६० लाख रनना एकमेकांशी काहीही बोलायचं नसतं. हवामानाच्या मॉडेलमध्ये शेजारच्या चौकोनात काय झालं ते विचारावं लागतं, इथे तसं नाही, प्रत्येक रन आपापला सुटा. आणि पाठवायचं काय तर चार आकडे, परत यायचं काय तर पाच-दहा आकडे. स्लो इंटरनेटवरही चालतं. म्हणजे काम तुकडे करून अनोळखी लोकांच्या घरोघरी वाटायला याच्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही, घरगुती पापड लाटायला देतात तसं, प्रत्येकीने आपल्या घरी आपल्या वेळेत लाटायचे आणि संध्याकाळी मोजून द्यायचे.

ही वाटपाची व्यवस्था म्हणजे बॉइंक. बर्कलीच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीतले डेव्हिड अँडरसन यांनी २००२ साली सुरू केली (हे वेगळे अँडरसन, ॲक्ट-आरवाले नव्हेत, माझा पहिल्या वर्षी गोंधळ झाला होता). त्याच्या आधी मे १९९९ मध्ये सेटी ॲट होम आलं, परग्रहावरचे सिग्नल शोधणारं, तो स्क्रीनसेव्हर तुझ्या काकालोकांनी नक्की बघितला असेल. ते ३१ मार्च २०२० ला नवं काम पाठवायचं थांबलं, पण त्यासाठी केलेली घडी बाकीच्या प्रोजेक्टना वापरता आली. आणि त्याच घडीवर २००७ साली माइंडमॉडेलिंग ॲट होम सुरू झालं, आपल्या या मनाच्या मॉडेलांसाठीचं, ओहायोतल्या डेटनहून चालणारं. डेटन म्हणजे विमानवाल्या राइट बंधूंचं गाव. प्रोजेक्ट तिथल्या युनिव्हर्सिटीतून चालायचा आणि मागे अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेची माणसं होती. हे मी मुद्दाम सांगतेय. काम सगळं उघड, पेपर छापलेले, थकलेला माणूस कशा चुका करतो, शिकवलेलं किती दिवस टिकतं असल्या प्रश्नांचं, यात लपवण्यासारखं काही मला तरी दिसलं नाही. पण आपली वीज कुणाच्या कामी लागते हे देणाऱ्याला माहीत असावं, मग द्यायची की नाही ते त्याने ठरवावं.

तिथल्या मंडळींनी एक हुशारीची गोष्ट केली होती. सगळे १,६०,००० मेळ डोळे मिटून चालवायचे कशाला? आधी विरळ ठिपके टाकायचे, जिथे सूर जुळायची लक्षणं दिसतात तो भाग कापून अजून बारीक करायचा, तिथे जास्त ठिपके, परत कापायचं. असलं शोधणं क्लस्टरवर (लॅबच्या एकत्र जोडलेल्या मशिनांवर) सोपं असतं कारण सगळी मशिनं आपली असतात. स्वयंसेवकांच्या मशिनवर मात्र एक जण तासात निकाल देतो, दुसरा लॅपटॉप बंद करून आठ दिवस गावाला जातो, म्हणून ‘सगळे आले की पुढची फेरी’ असं करून चालतच नाही, जे आलंय त्यावर पुढचं ठरवत जायचं. वरवर बारीकसारीक वाटतं पण अर्धी मेहनत यातच जाते.

आता माझी फजिती सांगते, कारण ती ऐकल्याशिवाय हे काम कळत नाही. मी शिकत होते तेव्हा दोन-अडीचशे मशिनवर असंच काम पाठवायची वेळ आली. अनोळखी मशिनवर भरवसा कसा ठेवायचा? कुणाचा प्रोसेसर तापून चुका करतो, कुणी पॉइंट वाढवायला खोटे निकालही पाठवतो. (हो, पॉइंट असतात, त्यांना क्रेडिट म्हणतात, त्यांची किंमत शून्य आणि त्यासाठी लोक जिवाचं रान करतात.) म्हणून तेच काम दोघांना द्यायचं आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच खरं मानायचं. सरळ आहे ना? पण माझ्या मॉडेलमध्ये फासे होते! प्रत्येक मशिन आपल्या घड्याळावरून फासे टाकत होतं, त्यामुळे दोघांचं उत्तर कधी जुळेचना, सर्व्हर तिसऱ्याला पाठवायचा, मग चौथ्याला, आणि दोन दिवस शेकडो लोकांची वीज नुसती वाया. मी ओशाळले, रात्री बसून फाशांचा आकडा (ज्यापासून फासे सुरू होतात तो, सीड) पक्का केला, म्हणजे दोघांनाही तेच फासे पडतील. सकाळी बघते तर सगळं हिरवंगार, एकूण एक निकाल जुळलेला, मी खूश. चार दिवसांनी ग्राफ काढला तर रेघ इतकी सुंदर की बघत राहावं, आणि त्यावरच्या एरर बार (उत्तरांचा पसारा दाखवणाऱ्या रेघा) गायब. नीट बघितलं तर मी तो आकडा लूपच्या आत ठेवला होता. प्रत्येक रन सुरू होताना परत तेच फासे. म्हणजे शंभर रन नव्हतेच, एकच रन शंभर वेळा. तपासणारा सर्व्हर बिचारा काय करणार, त्याच्या लेखी दोन्ही उत्तरं सारखी होती, दोन्ही सारखीच चुकलेली होती. तेव्हापासून कुठलाही निकाल आला की मी आधी पसारा किती आहे ते बघते, सरासरी नंतर. आणि हो, उत्तरं जुळतायत का हे बघताना ठरावीक दशांशांपर्यंतच बघायचं, विंडोज आणि लिनक्स लॉग काढताना शेवटच्या घरात कधी कधी वेगळं बोलतात, त्यावर रुसून बसायचं नाही.

पण तुझ्या प्रश्नातला खरा भाग ‘उपयोग होतो का’ हा आहे. माझं मत सांगते, आमच्यातल्या काहींना आवडणार नाही. कॉम्प्युटर कितीही मिळाले तरी ते फक्त खुंट्या कुठे लावायच्या ते सांगतात, तंबोरा मुळात बरोबर आहे का ते सांगत नाहीत. चार खुंट्या असल्या की बरेच सूर जुळवता येतात, चुकीचं मॉडेलही माणसांच्या आकड्यांवर छान बसवता येतं. सेथ रॉबर्ट्स आणि हॅरल्ड पॅशलर या दोघांनी २००० साली यावर एक पेपर लिहून आमच्या क्षेत्राची चांगली हजेरी घेतली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं, मॉडेल डेटाला जुळलं हे नुसतं सांगू नका, ते कशाला जुळलं नसतं ते सांगा. सगळ्यालाच जुळणारं मॉडेल म्हणजे राशिभविष्य. आणि इथेच मला स्वयंसेवकांच्या मशिनचा खरा उपयोग वाटतो. क्लस्टरवर वेळ मोजून मिळतो म्हणून माणूस सगळ्यात चांगला मेळ सापडला की थांबतो. भरपूर मशिनं फुकट असली की सगळं मैदान फिरून बघता येतं, हे मॉडेल कुठे कुठे काय काय करू शकतं, कुठे मोडतं, दोन अगदी वेगळे मेळ एकच उत्तर देतात का. ते नकाशे बघून मी स्वतःची दोन मॉडेलं मोडीत काढली आहेत. दुःख झालं, पण सहा महिने वाचले.

आता घरचं बोलू. गेमिंग पीसी म्हणतेस म्हणजे त्यात ग्राफिक्स कार्ड असणार आणि तुला वाटत असेल तेच कामाला येईल. या कामाला नाही येत. कार्डाला एकच हिशोब हजार ठिकाणी एकदम करायला आवडतं, ॲक्ट-आरचं मॉडेल म्हणजे जर-तर, जर-तर, तिथे साधा प्रोसेसरच चालतो. विजेचं गणित असं, पूर्ण लोडवर दीडशे वॉट धर, २४ तासांचे ३.६ युनिट, महिन्याचे १०८. तुमच्या घरचं बिल आत्ता शंभरच्या आत असेल तर ते सरळ पुढच्या स्लॅबमध्ये जाणार आणि मग आईबाबांना मनाच्या संशोधनाचं महत्त्व तूच समजावून सांग. त्यापेक्षा तू अभ्यासाला बसतेस ते चार तास लाव, दिवसाला ०.६ युनिट. बॉइंकच्या सेटिंगमध्ये किती कोअर वापरायचे ते ठरवता येतं, मी निम्मे देते. एप्रिल-मेमध्ये बंद. विदर्भात तर फेब्रुवारीपासूनच बंद, माझ्या नागपूरच्या मावसभावाने उन्हाळ्यात चालू ठेवलं आणि पंख्यात साठलेल्या धुळीमुळे मशिन तापून दर तासाला आपोआप बंद व्हायचं, त्याला वाटायचं व्हायरस आहे. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडून ब्लोअर मार, तेवढं पुरतं. लॅपटॉपवर मात्र अजिबात करू नकोस, तापून बॅटरी फुगू शकते. आणि ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या मशिनवर लेखी परवानगीशिवाय कधीही नाही. मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये तोंडी ‘हो हो लावा’वर विसंबून तीस मशिनवर लावलं होतं, यूपीएस बसला, आणि लोड कुणी टाकला याची चौकशी सुरू झाल्यावर ते ‘हो हो’ कुणालाच आठवेना. त्यांच्या आठवणीची ताकद उंबरठ्याखाली गेली असावी.

सेफ्टीचं म्हणशील तर बॉइंक मूळ बर्कलीच्या साइटवरूनच घे, आणि लक्षात ठेव की बॉइंक ही नुसती गाडी आहे, तिच्यावर प्रोजेक्ट कुणीही चालवू शकतो, म्हणून मागे कुठली युनिव्हर्सिटी, कुठली संस्था आहे आणि निकाल छापतात का हे बघूनच जोड.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आता वाईट बातमी देते. माइंडमॉडेलिंगकडून काम मिळेल या आशेवर बसू नकोस, माझ्याकडे तिथून गेली कित्येक वर्षं काही आलेलं नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. आमच्या क्षेत्राचं काम पावसासारखं असतं, महिनाभर धो धो आणि मग सहा महिने आम्ही विचार करत बसलेलो. स्वयंसेवकाला रोज काम लागतं, चार दिवस रिकामं गेलं की तो दुसरीकडे जातो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. शिवाय मघाचं ९२६ दिवसांचं काम आता ६४ कोअरच्या एका मशिनवर साडेचौदा दिवसांत होतं, असं मशिन बऱ्याच लॅबना परवडतं, मग सर्व्हर सांभाळा, लोकांच्या तक्रारी ऐका, हे कोण करत बसेल.

तुला पीसी द्यायचाच असेल तर मेंदूच्या त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे फोल्डिंग ॲट होम. ते अल्झायमरशी संबंधित प्रोटीनवरही काम करतं आणि तिथे तुझं ग्राफिक्स कार्डही कामी येईल. पण ते प्रोटीन आहे, मन नाही, हे मनात स्पष्ट ठेव. आईन्स्टाईन ॲट होम मला स्वतःला आवडतं, त्यात लायगोचा, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचा डेटा असतो, आणि आपल्या हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो-इंडिया होणार आहे, २०२३ साली केंद्राची मंजुरी मिळाली, त्यामुळे घरचं कार्य असल्यासारखं वाटतं. विषय अर्थात वेगळा.

मला विचारशील तर तू सायकॉलॉजीची आहेस, पीसीपेक्षा तुझं डोकं या कामाला जास्त उपयोगी आहे. आणि लोकांनी डोकं दिल्यावर केवढं काम होतं ते बघ. २०१२ साली सुरू झालेल्या आयवायरमध्ये लोक घरी बसून उंदराच्या रेटिनातले न्यूरॉन रंगवतात, कारण कुठली फांदी कुठे जाते हे कॉम्प्युटर चुकतो आणि माणसाचा डोळा पकडतो. २०१६ च्या सी हिरो क्वेस्ट या मोबाइल गेमवर लाखो लोक होड्या हाकत बसले आणि त्यातून वाट शोधण्याच्या क्षमतेचा असा डेटा जमला जो कुठल्याही लॅबला जन्मात जमला नसता. २०२२ साली ‘नेचर’मध्ये त्यावरचा एक पेपर आला, त्यात दिसलं की चौकोनी, आखीव रस्त्यांच्या शहरात वाढलेल्या लोकांना सरासरीने वाट शोधणं जड जातं. पुण्याच्या पेठांत वाढलेल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आणि एक काम तर आपल्याच अंगणात पडून आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो, आणि दुसरीकडून विनोदांचा पाऊस. दोन्ही बाजूंना मतं होती, पण बघ ना, हा प्रश्न मॉडेल करून बघता येतो. ‘एकोणतीस’ ऐकल्यावर मुलाला आधी तीस आठवावं लागतं, मग एक वजा, मग २९ लिहायचं. ‘वीस नऊ’ला तो फेरा नाही. पण ‘एकोणतीस’ हजारदा ऐकून अख्खा शब्दच पाठ झाला की फेरा उरतो का? दोन मॉडेलं लिहायची, एक फेरा घेणारं आणि एक थेट आठवणारं, मग दुसरीतल्या पंधरा-वीस मुलांना आकडे सांगून लिहायला किती वेळ लागतो ते मोजायचं, शाळेची आणि पालकांची परवानगी घेऊन अर्थातच, आणि बघायचं की २९, ३९, ४९ ला वेळ जास्त लागतो का. जास्त लागला आणि वयाबरोबर कमी होत गेला तर एक गोष्ट, कधीच कमी झाला नाही तर दुसरी. एमएच्या डिझर्टेशनला पुरून उरेल.

त्यासाठी दोनशे मशिनं लागत नाहीत, तो धूळ खात पडलेला एकच पीसी पुरे. ॲक्ट-आर फुकट उतरवून घे, त्याच्यासोबत शिकवणीचे धडे येतात, आता पायथनमधूनही प्रयोग लिहिता येतात त्यामुळे लिस्पला फार घाबरू नकोस, कंसांची सवय होते. चौथ्या धड्यात शब्द आणि अंकांच्या २० जोड्या पाठ करायचा जुना प्रयोग आहे, तो आधी स्वतः करून बघ, मग मॉडेलकडून करून घे. मॉडेल पहिल्या दिवशी तुझ्यापेक्षा चांगलं येईल, तेव्हा नॉईज वाढव. आणि फाशांचा आकडा लूपच्या बाहेर ठेव.